काही कमावलं नाही म्हणे

आज सकाळी पोराच्या फुटबॉल मॅचला आर्डविकला गेले होते. मँचेस्टरात राहणाऱ्यांना माहीत असेल, हाइड रोडवरचं ते मैदान. पाऊस नेहमीचाच, म्हणजे पडतही नाही आणि थांबतही नाही. थर्मासातला चहा संपला होता, आमची पोरं तीन गोलांनी मागे होती, म्हणून फोन काढला. घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज. आज अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तीन वर्षं झाली. फुलांच्या हारातला फोटो, आणि खाली लिहिलंय: "भाऊंसारखा हुशार वकील तालुक्यात झाला नाही. पण व्यवहार कळला नाही, आयुष्यात काही कमावलं नाही."

खाली सतरा नमस्कार.

तेव्हापासून डोकं फिरलंय. उत्तर तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं. काका वयाने मोठे, त्यात आईसुद्धा त्याच ग्रुपवर. म्हणून इथे लिहितेय. इथे आपली माणसं आहेत, प्रत्येक गोष्ट पुराव्यानिशी मांडावी लागत नाही.

आणि योगायोग बघा. मी ज्या चिखलात उभी होते ना, त्याच्याखाली असाच एक "काही न कमावलेला" वकील पुरलेला आहे. ते मैदान पूर्वी दफनभूमी होतं. अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टनही तिथलाच. नंतर दगड काढले, हिरवळ लावली. आता दर शनिवारी दहा वर्षांची पोरं त्यावरून धावतात. त्या वकिलाचं नाव अर्नेस्ट जोन्स. इथे येऊन मला दहा वर्षं झाली, नाव कळलं त्याला चारच वर्षं झाली असतील. कळल्यापासून मात्र हा माणूस मला अण्णांपासून वेगळा काढता येत नाही.

आधी शेंगांची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

१९८६ साल. मी सहावीत. शाळेची सहल रायगडला जाणार होती, पंचेचाळीस रुपये भरायचे होते. शनिवार शेवटचा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी अण्णांचे एक अशील आले. कुळकायद्याचा दावा, चार वर्षं तारखांवर तारखा, अखेर निकाल त्यांच्या बाजूने लागला होता. सायकलच्या कॅरिअरला बांधून भुईमुगाच्या शेंगांचं एक पोतं आणलं होतं. ओसरीवर टेकवलं, अण्णांच्या पायाला हात लावायला वाकले, अण्णांनी वरच्या वर धरलं. ती फी. चार वर्षांची. ते गेल्यावर आई पोत्याकडे बघत म्हणाली, "ह्यातल्या किती शेंगा मोजून शाळेत देऊ?"

अण्णा काही बोलले नाहीत. एक शेंग काढली, फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते तिथेच टाकले.

तर जोन्स.

१८१९ साली बर्लिनमध्ये जन्म. बाप फौजेतला मेजर, ड्यूक ऑफ कंबरलंडच्या पदरी. हा ड्यूक पुढे हॅनोव्हरचा राजा झाला, तोच पोराचा धर्मपिता, त्याच्यावरूनच नाव अर्नेस्ट. म्हणजे साक्षात राजघराण्याच्या अंगणातलं पोर. १८३८ मध्ये इंग्लंडला आला, व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात हजेरी लावून झाली, कविता-कादंबऱ्या लिहून झाल्या, १८४४ मध्ये बॅरिस्टर झाला. आपल्या काकांच्या भाषेत सांगायचं तर लाइन लागलेली होती. गप्प बसला असता तर कोट, विग, बंगला, म्हातारपणी न्यायाधीशाची खुर्ची, सगळं घरपोच आलं असतं.

आणि १८४६ मध्ये हा गडी चार्टिस्टांना जाऊन मिळाला.

चार्टिस्ट म्हणजे गिरणी कामगार, विणकर, चांभार, छापखान्यातली माणसं. त्यांची सनद सहा कलमांची. प्रत्येक सज्ञान पुरुषाला मत, मतदान गुप्त, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, खासदाराला पगार, सारखे मतदारसंघ, दरवर्षी निवडणूक. (बायकांना मत नव्हतंच त्यात. ठीक आहे, ते मी धरून चालतेय, कमेंटमध्ये सांगू नका.) हे मागितलं म्हणून माणसं तुरुंगात गेली, तडीपार होऊन ऑस्ट्रेलियाला गेली. आज त्यातली पाच कलमं कुणालाच नवी वाटत नाहीत. आणि वर "लोकशाही इंग्रजांनी दिली" म्हणणारे आपल्याकडे आहेतच. कुठल्या इंग्रजांनी? दिली कुणी? इथल्या इंग्रजांना तरी कुणी दिली होती?

हां, एक कबूल करते. चार्टिस्ट होण्याच्या जरा आधी जमिनीच्या व्यवहारात त्याचं दिवाळं निघालं होतं. त्याचे वैरी म्हणायचे, खिसा रिकामा झाला तेव्हा गरीब आठवले. असेल. पण दिवाळं निघालेले शंभर असतात, त्यातले नव्व्याण्णव श्रीमंत सासरा शोधतात.

१८४८ च्या जूनमध्ये लंडनला बिशप बॉनर्स फील्ड्सवर भाषण केलं. संघटना करा, म्हणाला, डाउनिंग स्ट्रीटवर चार्टिस्टांचा हिरवा झेंडा लागेल. मँचेस्टरात अटक झाली. एका भाषणाची शिक्षा दोन वर्षं. वेस्टमिन्स्टरचा टॉटहिल फील्ड्स तुरुंग, बोलायचं नाही, बराच काळ शाई-कागद नाही. जुने डांबरी दोरखंड बोटांनी उसवून तंतू काढायचं काम कैद्यांना देत. ह्याने ते नाकारलं, की पाव-पाण्यावर. १८४९ ला कॉलरा आला तेव्हा त्याच्याबरोबरचे दोन चार्टिस्ट कैदी, विल्यम्स आणि शार्प, आत मेले. हा जगला. आत असताना स्वतःच्या रक्ताने कविता लिहिल्या असं सांगतात. थोडं फुगवलेलं असणार, कवीच तो. दोन माणसं मेली ह्यात मात्र फुगवण्यासारखं काही नाही.

आणि आता ऐका, काका. (तुम्ही फेसबुकवर नाही हे माहीत आहे.)

असं सांगतात की त्याचा एक श्रीमंत नातेवाईक होता. वर्षाला दोन हजार पौंडांच्या उत्पन्नाची इस्टेट. अट एकच, हे चार्टिस्टांचं खूळ सोड. ह्याने सोडलं नाही. म्हाताऱ्याने सगळं माळ्याच्या नावावर केलं. ही गोष्ट खरी किती आणि त्याच्या मित्रांनी रंगवलेली किती ह्यावर वाद घालणारे आहेत. घालू देत. मला ती खरी वाटते, कारण आमच्या ओसरीवर ती मी बघितली आहे.

शेंगांच्या पोत्यानंतर दोन-तीन महिन्यांनी जीपमधून दोन माणसं आली होती. पांढरे कपडे, पेढ्यांचा पुडा. ज्या बड्या लोकांच्या विरुद्ध अण्णा नेहमी उभे राहायचे त्यांच्याकडूनच आली होती. वकीलसाहेब, आमच्या पॅनेलवर या, महिन्याला ठरलेली रक्कम, केस असो नसो. आईने आतून ऐकलं. तिने त्या दिवशी चहात वेलदोडा घातला. आमच्याकडे वेलदोडा फक्त दिवाळीला निघायचा. अण्णांनी चहा पाजला, पाऊस-पाण्याचं बोलले, आणि त्यांना जीपपर्यंत सोडून आले. पेढ्यांचा पुडा जीपमध्ये परत. मी आणि धाकटा भाऊ दाराआडून पुड्याकडेच बघत होतो.

व्यवहार कळला नाही म्हणे. कळला नाही की केला नाही? दोन्हींत फरक आहे की नाही?

चिडून लिहितेय, माफ करा. पण अजून सांगायचंय, आणि हे आपल्याला जवळचं आहे.

१८५१ मध्ये, तुरुंगातून सुटून वर्षही झालेलं नसताना, ह्या माणसाने ब्रिटिश साम्राज्याबद्दल लिहिलं की ह्याच्या वसाहतींवर सूर्य कधी मावळत नाही, आणि रक्तही कधी वाळत नाही. पहिला अर्धा भाग आपण शाळेत घोकला. दुसरा अर्धा कुणी शिकवला? त्याच काळातल्या त्याच्या एका दीर्घ कवितेत हिंदुस्थान उठाव करतो. १८५७ ला खरंच उठाव झाला तेव्हा तीच कविता त्याने नाव बदलून 'रिव्होल्ट ऑफ हिंदोस्तान' म्हणून पुन्हा छापली.

पण कवितेपेक्षा मला त्याचा पेपर मोठा वाटतो. 'पीपल्स पेपर' नावाचं साप्ताहिक तो चालवायचा, कायम कर्जात. कार्ल मार्क्स त्यात लिहायचा, हे एवढ्यासाठी सांगते की नाहीतर कुणी लक्ष देत नाही. १८५७ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये काय वातावरण होतं ते डोळ्यांपुढे आणा. कानपूरच्या बातम्या आलेल्या. नानासाहेब म्हणजे राक्षस. सूड घ्या, सूड घ्या. सरकारने ऑक्टोबरमध्ये देशभर प्रार्थना आणि उपासाचा दिवस पाळला. आणि हा दिवाळखोर वकील आपल्या पेपरात लिहितोय की हिंदुस्थानचा हा लढा न्याय्य आहे. पोलंड, हंगेरी लढतात तेव्हा टाळ्या वाजवता, मग हे वेगळं कसं? इंग्रज कामगारांनो, त्यांचं जे भांडण तेच तुमचं. झाशी, कानपूर, ग्वाल्हेर ही नावं आपल्या घराघरात आहेत. त्या वर्षी लंडनमध्ये बसून आपल्या बाजूने जाहीर लिहिणारा एक माणूस होता आणि त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. मला नव्हतं. अण्णांना होतं का कोण जाणे. विचारायचं राहून गेलं.

त्याच १८५७ मध्ये त्याची बायको गेली. जेन.

इथे माझा हात जरा थांबतो.

कारण जोन्सबद्दल वाचताना तुरुंगातला जोन्स भेटतो, व्यासपीठावरचा भेटतो. जेन सापडते ती अधूनमधून, पैशाच्या ओढाताणीत. मोठ्या घरातली मुलगी. लग्न केलं तेव्हा नवरा दरबारात जाणारा होता. मग दिवाळं, मग तुरुंग, पदरात लहान मुलं, मग तो पेपर, जो दर आठवड्याला घरातले पैसे खायचा. तिने कुठलीही सनद मागितली नव्हती. त्या इस्टेटीला तो नाही म्हणाला, ठीक. तिला विचारलं होतं का?

आमच्या आईला अण्णांनी विचारलं नव्हतं. जीप गेल्यावर आईने वेलदोड्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला, स्टूल घेऊन. एवढंच.

असो. पुढचं लवकर सांगते, कारण पुढे बरीचशी हारच आहे. हॅलिफॅक्सला दोनदा उभा राहिला, पडला. नॉटिंगहॅमला दोनदा, पडला. तेव्हाची पद्धत अशी की आधी जाहीर सभेत हात वर करून कौल घ्यायचे. हॅलिफॅक्सला हातांचा कौल ह्याच्या बाजूने. मग खरं मतदान, आणि तिथे हा तळाला. कारण ज्यांचे हात वर होते त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं! एवढ्या एका गोष्टीवर मी वर्गात धडा घेईन. पेपर १८५८ मध्ये गेला. चळवळ विझली. मध्यमवर्गीय सुधारकांशी त्याने जुळवून घेतलं तर मार्क्सने तोंड फिरवलं. एका वर्तमानपत्राने पैसे खाल्ल्याचा आरोप केला, त्यावर खटला भरून जिंकला. मग १८६१ च्या सुमारास मँचेस्टरला येऊन पुन्हा वकिली.

आणि मग हाइड रोड.

१८ सप्टेंबर १८६७. फेनियन म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे; त्यांच्या दोन पुढाऱ्यांना कोर्टातून बेल व्ह्यू तुरुंगात नेणारी पोलीस गाडी ह्याच रस्त्यावर, रेल्वेच्या कमानीखाली, आयरिश लोकांनी अडवली. कुलूप फोडायला गोळी झाडली, ती आत बसलेल्या सार्जंट ब्रेटला लागली आणि तो मेला. पुढारी पळाले. मग पोलिसांनी आयरिश वस्त्यांतून दिसेल त्याला उचललं. शहर पिसाळलेलं. त्यांचं वकीलपत्र कोण घेणार? जोन्सने घेतलं.

मॅजिस्ट्रेटसमोर आरोपी आणले ते हातकड्यांसकट. कोर्टात, न्यायासनापुढे, बेड्यांत. जोन्सने हरकत घेतली: अजून गुन्हा शाबीत नाही, ह्या माणसांना वकिलाशी बोलताना कागदावर टिपण करायलाही हात मोकळा नाही, बेड्या काढा. नाही म्हणाले. मग असल्या कोर्टात मी उभा राहणार नाही म्हणून त्याने ब्रीफ परत केलं आणि चालता झाला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किचनमध्ये एकटीच टाळी वाजवली. मग रात्री झोप लागेना. चालता झाला म्हणजे? त्या माणसांचं काय? खटला पुढे चाललाच, आणि २३ नोव्हेंबरला ॲलन, लार्किन आणि ओब्रायन फासावर गेले. त्या दिवशी तो थांबला असता तरी गेले असते, पण तरी. आणि तो सार्जंट ब्रेट, त्याच्या घरच्यांनी काय गुन्हा केला होता? हे सगळं मला मान्य आहे. तत्त्वाचा माणूस खोलीतून ताठ मानेने बाहेर पडतो तेव्हा खोलीत मागे कुणीतरी उरलेलं असतंच. बेड्यांत, नाहीतर चुलीपुढे.

सहलीच्या दिवशी पहाटे मी आईला सांगितलं, अंगात कणकण आहे. तिने कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ती "बरं" म्हणाली आणि पांघरूण नीट केलं. एसटी आमच्या घरावरूनच गेली, पोरं ओरडत होती. अण्णा तेव्हा पुढच्या खोलीत कसलीशी कैफियत लिहीत होते. कितीतरी वर्षं मी शेंगा खाल्ल्या नाहीत. कोणी विचारलं तर पित्त होतं म्हणायची.

जोन्सचा शेवट सांगायचा राहिला. १८६८ च्या निवडणुकीत मँचेस्टरातून उभा राहिला. वर्षभरापूर्वीच शहरी कामगारांना मत मिळालं होतं. ह्याला १०,६६२ मतं पडली. पडला, पण दहा हजार! मग पोटनिवडणूक लागेल असं वाटून लिबरल पक्षाने उमेदवार ठरवायला जानेवारीत चाचणी घेतली, तीही गुप्त मतपत्रिकेने. आठवतंय ना, सनदेतलं कलम? समोर मिलनर गिब्सन, माजी मंत्री. जोन्सला ७,२८२, गिब्सनला ४,१३३. आयुष्यात पहिल्यांदा मतमोजणीत जिंकला. आणि थंडीत सभा करून छाती धरली होती, पन्नासावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. २६ जानेवारी १८६९. (हो, २६ जानेवारी. मीही दोनदा बघितलं.) अंत्ययात्रेला हजारो माणसं रस्त्यावर. मार्क्स-एंगल्स, जे दहा वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडत होते, त्यातल्या एंगल्सने लिहिलं की शिकल्यासवरल्या इंग्रज राजकारण्यांत मनापासून आपल्या बाजूचा असा हा एकटाच होता. मेल्यावर लिहिलं. ग्रुपवरच्या हारासारखंच.

त्याचा मुलगा पुढे बॅरिस्टर झाला आणि खासदारही, जवळजवळ तीस वर्षं. पोरं बापाच्या हारांवर उभी राहतात, हे वाक्य मी लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटलं, कारण माझी इथली नोकरी, घर, पोराचे ते महागडे बूट, हे अण्णांमुळे की आईमुळे, ह्याचं उत्तर मला नक्की माहीत नाही.

कारण गेल्या वर्षी श्राद्धाला गेले होते तेव्हा आईने सहज सांगितलं. ते पोतं तिने महिनाभर पुरवलं होतं. रोज रात्री आम्ही झोपलो की शेंगा भाजायची, कागदाच्या पुड्या बांधायची, आणि शेजारच्या वह्या-पेनांच्या दुकानात ठेवायला द्यायची. वीस पैसे पुडी. वकिलाची बायको शेंगा विकते हे कळू नये म्हणून दुकानदाराला शपथ घातली होती. पुढच्या वर्षी मी प्रतापगडला गेले ते त्या पैशांवर. "अण्णांना माहीत होतं?" मी विचारलं. "त्यांना तारखा माहीत असायच्या," आई म्हणाली.

म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत माझ्या मैत्रिणी ज्या शेंगा खायच्या, ज्या मी पित्ताचं कारण सांगून नाकारायचे, त्या आमच्याच.

आता इथवर लिहिल्यावर पुन्हा ग्रुप उघडला, काकांना काहीतरी सभ्य लिहावं म्हणून. "काही कमावलं नाही" ह्या मेसेजखाली आता एक अंगठा आलाय. वर. बघितलं कुणाचा.

आईचा.

चुकून लागला असेल, तिला चष्मा लागतो. किंवा नसेल चुकून. काकांना मी काही लिहिलेलं नाही. मॅच आम्ही पाच-शून्यने हरलो, पोरगं चिखलाने माखून आलं आणि विचारलं, खायला काय आणलंयस. पर्समध्ये भाजलेल्या शेंगांची पिशवी होती. तिकडे आता रात्रीचे बारा वाजून गेलेत. सकाळी फोन करते तिला.